मुलाखत नटाची, चित्रपट कोणाचा?

दिवाळी अंकात गोड बोलावे असा संकेत आहे. परंतु आमच्या वेंगुर्ल्याकडे दिवाळीची सुरुवातच कडू चवीने होते. नरकचतुर्दशीच्या पहाटे तुळशीपुढे कारीट ठेवायचे, डाव्या पायाच्या अंगठ्याने ते फोडायचे, त्याची कडू चव जिभेला लावायची आणि मग घरोघरी पोहे खात हिंडायचे. गुळाचे पोहे, दह्याचे पोहे, बटाट्याचे पोहे, फोडणीचे पोहे. पण आधी कारीट. तेव्हा वाचकांनी प्रस्तुत लेख कारिटाच्या ठिकाणी मानावा. पोहे या अंकात इतरत्र पुष्कळ असतील.

मी चित्रपटांचा टीकाकार नव्हे, शौकीन आहे. टीकाकार फुकट पाहतो, शौकीन तिकीट काढतो, एवढाच दोघांतला फरक मला ठाऊक आहे. मुंबईस नोकरीला होतो तेव्हा लालबागचे भारतमाता आणि दादरचे प्लाझा ही माझी दोन देवस्थाने होती. निवृत्त होऊन गावी आलो त्याला आता काही वर्षे झाली, पण शौक काही निवृत्त झाला नाही. १९७८ सालापासून पाहिलेल्या प्रत्येक चित्रपटाची नोंद मी एका वहीत करीत आलो आहे. त्या वहीचे पुढे काम पडणार आहे, म्हणून तिचा उल्लेख येथेच करून ठेवतो.

गेल्या दिवाळीत पोह्यांच्या तिसऱ्या घरी बसलो असता माझ्या पुतणीने हातातला फोन माझ्यापुढे धरला. "काकानू, ह्यो बगा. नवीन येताहा." येणाऱ्या एका मराठी चित्रपटाच्या नटनट्यांची मुलाखत चालू होती. ती संपली तशी तिच्याच पाठोपाठ दुसऱ्या चित्रपटाची, मग तिसऱ्याची. पोहे संपेपर्यंत आम्ही अशा सहा मुलाखती पाहिल्या. चित्रपट सहा, निर्माते सहा, मुलाखत घेणारे सहा. आणि मुलाखत मात्र एकच!

ती कशी असते ते वाचकांस सांगावयास नकोच. "विषय अगदी वेगळा आहे." "माझी भूमिका फार आव्हानात्मक होती." "चित्रीकरणात आम्ही इतकी धमाल केली की आम्ही एक कुटुंबच झालो." "प्रत्येकाने सहकुटुंब पाहावा असा हा चित्रपट आहे." मग प्रश्नकर्ता विचारतो की सेटवर सर्वांत उशिरा कोण येत असे? सर्वांत जास्त कोण खात असे? चित्रीकरण कोकणात झाले असेल तर मासे कसे लागले? शेवटी हसण्याचा एक मोठा गदारोळ होतो आणि तारीख पडद्यावर येते.

आमच्या शेजारी एक वृद्ध दशावतारी कलावंत राहतात. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. तेही पोह्यांना आले होते आणि माझ्या खांद्यावरून सारे पाहत होते. सहावी मुलाखत संपल्यावर त्यांनी चहाची कपबशी खाली ठेवली आणि म्हणाले, "इतक्या सगळ्या सांगल्यानी, पण गोष्ट कोणाची ता काय सांगल्यानी नाय."

माझा लेख खरे म्हणजे या एका वाक्यावर संपला पाहिजे. पण आबांचे वाक्य त्या मुलाखतकारांपर्यंत जाणार नाही, म्हणून मला ते लांबवून लिहावे लागत आहे.

माझी तक्रार नेमकी काय आहे? नटांनी बोलू नये, अशी मुळीच नाही. नटाचे बोलणे ऐकायला मला आवडते. त्याच्या चालण्याची, आवाजाची, त्याने केलेल्या चुकांचीसुद्धा मला उत्सुकता आहे. माझी तक्रार अशी की, जिला आज मुलाखत म्हणतात ती मुलाखतच नव्हे. ती दवंडी आहे. दवंडी पिटणाऱ्याला कोणी प्रश्न विचारीत नाही आणि त्याने उत्तर द्यावे अशी अपेक्षाही नसते. पूर्वी गावात चित्रपट आला की घोडागाडीला फलक बांधून, ताशा वाजवीत, कर्ण्यातून ओरडत गाडी फिरवीत. ती दवंडी प्रामाणिक होती. ताशाला कोणी 'मनमोकळ्या गप्पा' असे नाव दिले नव्हते.

दवंडीला मुलाखत म्हटल्याने काय बिघडते, असे कोणी विचारील. बिघडते ते आम्हा लहान गावातल्या प्रेक्षकाचे. पुण्या-मुंबईच्या माणसाला चित्रपट आवडला नाही तर तो मध्यंतरात उठून घरी जातो. आम्ही चित्रपटाला जातो म्हणजे प्रवासाला जातो. काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. एका चित्रपटातल्या नटाने मुलाखतीत छातीवर हात ठेवून सांगितले की, या चित्रपटात खरे कोकण आहे, आणि आपण मालवणी भाषेवर अपार मेहनत घेतली आहे. आम्ही सात जणांनी गाडी ठरवली. त्यात माझी वहिनी होती, तिचे गुडघे दुखतात; आबा होते, त्यांनी आयुष्यात चित्रपटगृहात पाऊल टाकले असेल ते चार-पाच वेळा. गाडीभाडे, तिकिटे, चहा-भजी मिळून तीन हजारांच्या वर खर्च झाला.

पडद्यावर आम्हाला काय दिसले? कोकणातला माणूस म्हणून एक गडी. तो पडतो, धडपडतो, मालकाच्या अंगावर ताक सांडतो, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'गो' म्हणतो. मालकालाही 'गो', पोलिसालाही 'गो'! बाईमाणसाला 'गो' आणि बाप्याला 'रे', हे आमच्याकडे बोबड्या पोरालाही ठाऊक असते. ही त्या नटाची अपार मेहनत! माझे म्हणणे असे की, दोष एकट्या त्याचा नाही. मुलाखत घेणाऱ्याने त्याला दोनच प्रश्न विचारायला हवे होते: 'मालवणी कोणाकडून शिकलात? कोणत्या गावची?' हे दोन प्रश्न पडले असते तर तो नट एक तर गप्प बसला असता, किंवा घरी जाऊन शिकला असता. दोन्ही पक्षी आमचे तीन हजार वाचले असते. परतीच्या वाटेवर गाडीत कोणी बोलले नाही. वहिनी तेवढी म्हणाली, "आमी असे दिसतो त्यांका?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

कोकणी माणसावर हसू नये असे मी म्हणत नाही. गंगाराम गवाणकरांचे 'वस्त्रहरण' १९८० साली रंगभूमीवर आले आणि मच्छिंद्र कांबळी यांनी त्याचे पाच हजारांवर प्रयोग केले. त्यात मालवणी माणसाची रेवडी उडवण्यात काही कमी ठेवले आहे काय? पण त्या नाटकाला आम्ही पोट धरून हसलो, कारण ते आतून लिहिलेले होते. लिहिणाऱ्याला गावच्या नाटकाची तालीम, तिथली भांडणे, तिथला मान-अपमान ठाऊक होता. म्हणजे प्रश्न पुन्हा तिथेच येतो. बोलतो कोण, यापेक्षा लिहितो कोण, हा प्रश्न मोठा आहे; आणि तोच प्रश्न आमच्या मुलाखतींतून हद्दपार झाला आहे.

हा प्रश्न वेंगुर्ल्याच्या माणसाने विचारावा यात एक विशेष औचित्य आहे. आमच्या तालुक्याने चित्रपटाला किती नट दिले त्याचा हिशेब मी केलेला नाही; लेखक किती दिले त्याचा मात्र केला आहे. वि. स. खांडेकर १९२० साली शिरोड्याच्या शाळेत मास्तर म्हणून आले आणि १९३८ पर्यंत तेथे राहिले. १९३६ साली कोल्हापुरात हंस पिक्चर्सने मास्टर विनायकांच्या दिग्दर्शनाखाली 'छाया' हा बोलपट काढला, त्याची कथा या खांडेकर मास्तरांची. विचार करा: बोलपट मराठीत येऊन अवघी चार वर्षे झाली होती, 'अयोध्येचा राजा' १९३२ चा, आणि मिठागरांच्या एका गावातला शाळामास्तर बोलपटाला कथा देत होता. त्या काळी खांडेकर, अत्रे ही नावे वाचून माणसे तिकीट काढीत. 'ब्रह्मचारी' पाहायला लोक गेले ते मास्टर विनायक आणि मीनाक्षी यांच्यासाठी गेले हे खरे, पण अत्र्यांसाठीही गेले.

शिरोड्याला लागूनच आरवली, वेतोबाचे गाव. तिथले जयवंत दळवी. 'ठणठणपाळ' या नावाने 'ललित' मासिकातून साऱ्या साहित्यिकांच्या टोप्या उडवणारे तेच हे. त्यांच्या 'चक्र' या कादंबरीवर रवींद्र धर्मराज यांनी १९८१ साली हिंदी चित्रपट काढला आणि त्यातल्या कामासाठी स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. स्मिताबाईंचे काम थोरच होते, त्याबद्दल वाद नाही. पण मुंबईच्या झोपडपट्टीतली ती अम्मा आधी कागदावर उभी केली ती आरवलीच्या माणसाने, हे किती जणांना ठाऊक आहे?

आमच्याच तालुक्यातल्या बागलाच्या राईचे चिं. त्र्यं. खानोलकर, म्हणजे आरती प्रभू. कुडाळात खानावळ चालवून या माणसाने कविता लिहिल्या. १९७५ च्या 'सामना' चित्रपटातले ते विलक्षण गाणे त्यांच्याच लेखणीचे. १९७६ साली वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी ते गेले, आणि दुसऱ्याच वर्षी व्ही. शांताराम यांचा 'चानी' आला, तो त्यांच्या कादंबरीवर. तो पडद्यावर पाहायला लेखक उरला नव्हता. त्यांना कोणी विचारले असते की, बाबा, ही चानी तुला कुठे भेटली, तर केवढे धन हाती लागले असते!

आणि चौथे मधुसूदन कालेलकर, खास वेंगुर्ल्याचे, जन्म १९२४ चा. 'दिवा जळू दे सारी रात', 'अपराध मीच केला' ही नाटके त्यांची. १९६९ चा 'अपराध' त्यांचा. शम्मी कपूरचा 'ब्लफ मास्टर' आणि सचिन-सारिका यांचा 'गीत गाता चल' या हिंदी चित्रपटांच्या लेखनातही हाच वेंगुर्ल्याचा हात. नगरपरिषदेने आपल्या सभागृहाला त्यांचे नाव दिले आहे, ही आनंदाची गोष्ट. पण त्याच सभागृहात एका कार्यक्रमाला गेलो असता शेजारी बसलेल्या कॉलेजातल्या मुलाने मला विचारले, "काका, हे कालेलकर नगराध्यक्ष होते का?" मी त्या मुलावर रागावलो नाही. त्याला सांगणार कोण? 'गीत गाता चल'ची गाणी त्याच्या आजोबांना पाठ आहेत, सचिनच्या मुलाखती त्याने स्वतः पाहिल्या आहेत. कालेलकरांचे नाव मात्र त्याला भिंतीवरच दिसले.

आता कोणी म्हणेल की, झाले, म्हातारा जुन्या काळाचे गोडवे गाऊ लागला! तसे नाही. जुन्या काळी सारे निर्मळ होते असे मानणारा माणूस जुन्या काळात राहिलेला नसतो. तेव्हाही नटीच्या साड्या आणि नटाच्या मोटारी यांवर रकानेच्या रकाने भरत. 'फिल्मइंडिया' मासिक काढणारे बाबूराव पटेल हे तर मराठी माणूस. त्यांच्या लेखणीला निर्माते थरथर कापत. पण बाबूरावांचेही लाडके होते आणि नावडते होते, आणि त्यांची जीभ पुष्कळदा चित्रपट सोडून माणसावर घसरे. तेव्हा तो काळ परत आणा, असे माझे मागणे नाही.

पण त्या काळच्या दोन गोष्टी मला फार शहाणपणाच्या वाटतात. एक म्हणजे चित्रपटगृहाबाहेर काही आण्यांना मिळणारी गाण्यांची पुस्तिका. माझ्या वडिलांनी जमवलेल्या अशा पुस्तिकांची एक पत्र्याची पेटी अद्याप आमच्या घरी आहे. पुस्तिकेत आधी नावे असत: कथा कोणाची, संवाद कोणाचे, गीते कोणाची, छाया कोणाची, ध्वनी कोणाचा. मग कथासार. नायक-नायिकेची ताटातूट झाली, खलनायकाने कट रचला, आणि ऐन रंगात येऊन मजकूर थांबे: पुढे काय होते ते पडद्यावर पाहा! जाहिरात हीही होतीच. पण ती प्रेक्षकाची भूक वाढवी आणि ताट मात्र झाकून ठेवी. आजची जाहिरात उलट करते. चित्रपट यायच्या आधी गाणी आली, झलक आली, पडद्यामागची धमाल आली, नट रडला तो प्रसंगही आला. ताटावर बसावे तर ताट उष्टे.

दुसरी गोष्ट हंसा वाडकरांची. माहेरच्या रतन साळगावकर. १९३६ च्या 'विजयाची लग्ने'पासून त्या बोलपटात. १९५९ साली अनंत माने यांच्या 'सांगत्ये ऐका'ने मराठी चित्रपटाचा इतिहास बदलला. पुढे हंसाबाईंनी आपली जीवनकथा पत्रकार अरुण साधू यांना सांगितली. ती 'माणूस'मधून आली आणि १९७० साली 'सांगत्ये ऐका' याच नावाने तिचे पुस्तक झाले. त्यात धमाल नाही, कुटुंब नाही, आव्हानात्मक भूमिका नाही. दारू आहे, मार आहे, पळून जाणे आहे, पैसा कोणी खाल्ला ते आहे, आणि कॅमेऱ्यापुढे उभे राहण्याचा आनंदही आहे. त्याच पुस्तकावरून श्याम बेनेगल यांना १९७७ चा 'भूमिका' सुचला. एक नटी खरे बोलली आणि एका माणसाने मन लावून ऐकले, तर त्यातून दुसरा थोर चित्रपट जन्माला येतो! यास मी मुलाखत म्हणतो. ती येणाऱ्या कोणत्याही चित्रपटाची तारीख सांगण्यासाठी नव्हती, म्हणूनच ती खरी झाली.

येथवर वाचून एखादा मराठी निर्माता मला जरूर म्हणेल: 'तुमचे बोलणे ठीक आहे हो, पण आमची अवस्था पाहा. हिंदीच्या मोठ्या चित्रपटापुढे आम्हाला खेळ मिळतात ते सकाळी किंवा भर दुपारी. पहिल्या तीन दिवसांत गर्दी झाली नाही तर चौथ्या दिवशी खेळ काढून घेतात. आम्ही ओरडलो नाही तर तुम्हाला आम्ही आलो हेच कळणार नाही.' हे म्हणणे खोटे नाही. २०१५ साली राज्य सरकारला मल्टिप्लेक्सवाल्यांना मराठी चित्रपट मोक्याच्या वेळी दाखवा असा आदेश काढावा लागला, यावरून काय ते समजावे. महाराष्ट्रात मराठी चित्रपटाला जागा मिळावी म्हणून सरकारी फर्मान लागते, ही लाज निर्मात्याची नव्हे, आपल्या सर्वांची आहे.

परंतु निर्मात्याला माझा उलट प्रश्न आहे. या ओरडण्याने गर्दी होते, हे ठरवले कोणी? त्याच २०१५ साली चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' चित्रपटगृहांत आला. त्यात लोकशाहिराचे काम केले ते वीरा साथीदार यांनी; ते नागपूरचे कार्यकर्ते, चित्रपटाच्या दुनियेशी त्यांचा संबंध नाही. २०१६ साली नागराज मंजुळे यांचा 'सैराट' आला. नायिका अकलूजची शाळकरी मुलगी, नायकाचे नाव कोणी ऐकलेले नाही. त्यांना लोक कशाच्या जोरावर पाहायला गेले? गाण्यांच्या जोरावर गेले, हे मान्य. पण दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा गेले ते गोष्टीच्या जोरावर. आणि मराठीत तोवर झाली नव्हती एवढी कमाई त्या चित्रपटाने केली. २०२३ साली केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' आला तेव्हा बायका बायकांना सांगून, घोळके करून, नटूनथटून गेल्या. एका बाईने दुसरीला सांगितले, "जा आणि पाहा," यापेक्षा मोठी मुलाखत अद्याप निघालेली नाही. आणि असे सांगणारी जीभ एकदा फसली की पुन्हा सांगत नाही, हे निर्मात्यांनी ध्यानात ठेवावे. आमची वहिनी त्या ताक सांडणाऱ्या गड्यानंतर चार वर्षे चित्रपटाला आली नाही. एका खोट्या मुलाखतीने पुढल्या दहा खऱ्या चित्रपटांचे एक गिऱ्हाईक घालवले, हा हिशेब कोणी मांडतो काय?

ती पुन्हा आली ती २०२५ च्या सप्टेंबरात, सुबोध खानोलकर यांच्या 'दशावतार'ला. तेही नटाची मुलाखत पाहून नव्हे. आबा जातो म्हणाले म्हणून. त्यातल्या म्हाताऱ्या दशावतारी बाबुलीचे काम दिलीप प्रभावळकरांनी केले, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी. चित्रपटात मला खटकणाऱ्या गोष्टीही आहेत, त्या वहीत लिहून ठेवल्या आहेत. पण आबा चित्रपटभर पुढे वाकून बसले होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "पायात चाळ बांधतत कसे ता ह्याका ठावक आसा." मला विचाराल तर चित्रपटाविषयी बोलण्याची ही खरी रीत. माणूस काम ओळखतो आणि कामाविषयी बोलतो. प्रभावळकरांसारख्या नटाला हाताशी धरून कोणी तासभर एवढेच विचारावे: म्हाताऱ्याचे शरीर आणि राजाचे शरीर एकाच देहात कसे ठेवलेत? चाळ बांधताना हात कुठे थांबतो? मी ती मुलाखत पोहे बाजूला ठेवून पाहीन.

आबांच्या दशावतारात आगामी असे काही नसते. जत्रेच्या रात्री मंडळी देवळात पेटारा घेऊन येतात, पेटाऱ्याची पूजा होते, गणपती होतो, संकासुर येऊन जातो, आणि मग त्या रात्रीचे आख्यान उभे राहते. गोष्ट साऱ्यांना आधीच ठाऊक असते. संवाद मात्र कागदावर नसतात. नट तिथल्या तिथे बोलतो आणि प्रेक्षक तिथल्या तिथे तोलतो. 'रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा' अशी म्हणच आहे. रात्रभर मुकुट घालून गर्जलेला राजा पहाटे दहिकाला झाला की स्वतःचे बोचके डोक्यावर घेऊन पुढल्या गावची वाट धरी. त्याची मुलाखत कोणी घेतली नाही. पण पुढल्या वर्षी त्याच जत्रेला त्याला बोलवायचे की नाही, हे गाव बरोबर ठरवी. ठरवी ते काल रात्री काय झाले यावरून. पुढे काय होणार याच्या गप्पांवरून नव्हे.

मग करायचे काय? नुसती कुरकुर करून लेख संपवणे हा लबाडपणा झाला, म्हणून माझी तीन मागणी मांडतो. पहिली, पत्रकारांना: नटाची मोठी मुलाखत चित्रपट लागल्यावर घ्या, पंधरा दिवसांनी घ्या, तुम्ही स्वतः चित्रपट पाहून घ्या. आम्हीही पाहिलेला असेल. मग प्रश्नाला प्रश्नाचे रूप येईल आणि उत्तराला टाळता येणार नाही. आधी काय सांगायचे ते तारीख, गाव, चित्रपटगृह, तेवढे पुरे. दुसरी, निर्मात्यांना: नटांची रांग बसवाल तेव्हा एक खुर्ची लेखकाला द्या. तो देखणा नसेल, अडखळत बोलेल, गमती सांगणार नाही; पण गोष्ट कोणाची, हे आबांना कळेल. तिसरी, नटांना: ज्या कामाची मेहनत तुम्ही घेतलीत तीच सांगा. भाषा शिकला असाल तर शिकवणाऱ्याचे नाव घ्या. न शिकता 'शिकलो' म्हणाल तर आमच्याकडे ते पहिल्या 'गो'लाच कळते.

चौथी मागणी प्रेक्षकांकडे करणार होतो. आपणच त्या सहा मुलाखती पाहतो. आपणच पाहिल्या नसत्या तर सातवी निघाली नसती. हे परखडपणे लिहावे म्हणून, आणि माझे आकडे बरोबर असावेत म्हणून, मी माझी वही काढून बसलो. १९७८ पासूनची वही. पानापानावर सुबक रेघा मारलेल्या आहेत. तारीख, चित्रपटगृह, तिकिटाचा दर, नायक, नायिका, संगीत, बरोबर कोण होते, मत. पाने उलटत गेलो. 'चक्र' सापडला: तारीख आहे, दर आहे, स्मिता पाटील आहे, मत 'उत्कृष्ट' आहे. 'गीत गाता चल' पुढे कधी तरी पुन्हा लागला असता पाहिलेला: सचिन आहे, सारिका आहे. दळवी नाहीत. कालेलकर नाहीत. वेंगुर्ल्याचा माणूस, आरवलीचा रस्ता ज्याच्या पायाखालचा, त्याच्या वहीत लेखकाचा रकानाच नाही. पंचेचाळीसहून अधिक वर्षांत मला तो आखावासा वाटला नाही!

तेव्हा ती चौथी मागणी मी मागे घेतो. ती करण्याचा अधिकार मला नाही. त्याऐवजी पट्टी घेऊन बसलो आहे. पानाच्या उजव्या कडेला बोटभर जागा शिल्लक होती, तिथे लाल शाईने रेघ मारतो आहे. पुतणी शेजारी बसून फोनवर नावे शोधून देते. जी सापडतात ती लिहितो. काही चित्रपटांची सापडत नाहीत. नट सापडतो, त्याच्या आवडीचा पदार्थ सापडतो, लेखक सापडत नाही. ते रकाने तसेच कोरे ठेवले आहेत. वाचकांपैकी कोणाजवळ अशा चित्रपटांच्या जुन्या पुस्तिका असतील तर त्यांनी उघडून पाहाव्यात. पहिल्याच पानावर, नटांच्याही आधी, ते नाव असेल.